हलके म्हणजे कच्चे नव्हे

यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाच्या गॅरेज लाइनला एकदा चक्कर मारून या. वेल्डिंगच्या ठिणग्या, ग्राइंडरचा आवाज, उघडी चेसिस आणि तिच्यावर हळूहळू उभा राहणारा लोखंडी सांगाडा. वेल्डर, डेंटर, पेंटर, कुशनवाला, वायरिंगवाला. यांतले कितीतरी हात आपल्या समाजाचे आहेत. मी ज्या मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यांच्यापैकी अनेकांचे अब्बा, मामू, मोठे भाऊ याच लाइनमध्ये आहेत. आठवी-नववीनंतर ज्याची शाळा सुटते, तो मुलगाही बहुतेक वेळा तिथेच जातो.

आज त्या सांगाड्याबद्दल लिहायचे आहे. भाषेच्या मास्तराने गाडीच्या बॉडीवर कशाला बोलावे, असे कुणाला वाटेल. पण हा विषय आपल्या पोटाचा आहे आणि जिवाचाही आहे. पोटाचा यासाठी, की बॉडीचे काम बदलत चालले आहे आणि ते बदलताना आपला मिस्त्री मागे पडतो आहे. जिवाचा यासाठी, की त्या बॉडीत बसून आपणच मुंबई-पुण्याला जातो.

हल्ली सगळीकडे एकच मागणी आहे: गाडी हलकी हवी. डिझेल महागले म्हणून हलकी हवी. बॅटरीवर चालणारी बस असेल तर आणखी हलकी हवी, कारण बॅटरीचेच वजन भरपूर असते. १ जून २०२२ ला आपल्या एसटीची विजेवरची 'शिवाई' पुणे-नगर मार्गावर धावली. पुढचा काळ अशाच गाड्यांचा आहे. ट्रकमालकाला बॉडी हलकी हवी, कारण तेवढा माल जास्त बसतो. मागणी रास्त आहे. गोची होते ती पुढच्या पायरीला. हलकी म्हणजे काय, हे कुणी नीट सांगत नाही. मग पत्रा बारीक होतो, पट्ट्या विरळ होतात, दोन आडवे चॅनेल कमी पडतात आणि गाडी 'हलकी' होऊन रस्त्यावर येते. आपल्या मनात हलके आणि कच्चे हे दोन शब्द एकमेकांना चिकटून बसले आहेत. ते वेगळे करणे हाच या लेखाचा उद्देश आहे.

वर्गात करता येईल असा एक साधा प्रयोग सांगतो. तीन सेंटिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशी पट्टी घ्या. तिची दोन टोके दोन पुस्तकांवर ठेवून मधोमध बोटाने दाबा. ती लगेच वाकते. आता तीच पट्टी कडेवर उभी धरून दाबा. वाकतच नाही. पट्टी तीच, वजन तेच, लाकूड तेच. पण उभी पट्टी आडव्या पट्टीपेक्षा वाकण्याला शंभरपट ताठ असते. पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या पटीत वाढतो, पण उंचीच्या घनाच्या पटीत वाढतो. उंची दुप्पट केली, तर ताठपणा आठपट.

याचे कारणही कठीण नाही. ओझ्याखाली वाकणाऱ्या कोणत्याही दांड्याची वरची कड आवळली जाते आणि खालची ताणली जाते. मधल्या भागावर फारसे काही येत नाही. म्हणजे मधले सामान बरेचसे नुसते वजन असते. ते काढून वरच्या आणि खालच्या कडेला नेले, की तेवढ्याच वजनात दांडा कितीतरी मजबूत होतो. रेल्वेच्या रुळाचा आकार तसा का, गर्डर इंग्रजी 'आय' अक्षरासारखा का, ट्रकची चेसिस 'सी' आकाराच्या चॅनेलची का, या सगळ्याचे उत्तर एवढेच आहे.

बांबू हे फार पूर्वीपासून जाणतो. २० मिलिमीटर जाडीची भरीव सळई घ्या आणि तेवढ्याच लोखंडातून ४० मिलिमीटर व्यासाची पोकळ नळी करा. नळी सळईपेक्षा सुमारे सातपट ताठ भरते. बसच्या सांगाड्यात चौकोनी पाइप वापरतात ते याच हिशेबाने. पण याला हद्द आहे. नळी मोठी आणि भिंत बारीक करत गेलात, तर एका क्षणी ती वाकण्याऐवजी पिचकते, रिकामा डबा पायाखाली चेपावा तशी. हलक्या बॉडीचे सगळे शास्त्र या दोन टोकांच्या मध्ये आहे: सामान योग्य ठिकाणी नेऊन वजन उतरवायचे, पण पिचकण्याच्या हद्दीपर्यंत जायचे नाही. ती हद्द कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हिशेबानेच कळते.

आपल्या मातीलाही हे नवे नाही. शंकरपटाची छकडी आणि कापूस वाहणारी बंडी, दोन्ही आपल्याच सुतार-लोहारांनी घडवल्या. छकडी इतकी हलकी, की बैलांना जाणवू नये. बंडी अशी, की कापसाचे ओझे घेऊन नाल्यातून वर चढावी. छकडीवर कुणी कापूस भरत नाही आणि बंडी घेऊन कुणी पटात उतरत नाही. हलकेपणा कुठल्या कामासाठी, कुठल्या ओझ्यासाठी, हे आधी ठरवायचे असते, हे त्या सुताराला पक्के ठाऊक होते. लाकडाच्या भरीव चकतीऐवजी आऱ्यांचे चाक करणे हाही हलक्या बांधणीचाच धडा आहे. जिथे भार जातो तिथे आरा, बाकी मोकळी हवा.

रेल्वेचेही तेच. आपली शकुंतला आठवा. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली मूर्तिजापूर-यवतमाळ ही नॅरोगेज लाइन. दोन रुळांतले अंतर अडीच फूट. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाइनपर्यंत पोचवायचा, तिथून तो मुंबईला जायचा, एवढेच काम होते. त्या कामापुरते हलके रूळ, लहान डबे, लहान इंजिन. मँचेस्टरला १९२१ मध्ये तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत चालले. मग डिझेल इंजिन आले. पुढे गाडीच बंद पडली. शकुंतला हलकी होती, पण तिचे ओझे आणि तिचा वेग दोन्ही ठरलेले होते. त्या रुळांवरून आजची मालगाडी नेता आली नसती. म्हणून आता वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेज लाइन होते आहे आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून आपल्या कळंबपर्यंत तिचा पहिला टप्पा सुरू झाला.

या लाइनवर पुढे जे डबे धावतील, त्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जुन्या काळी रेल्वेचा डबा म्हणजे खाली लोखंडाची भारी चौकट आणि तिच्यावर ठेवलेली लाकडी खोली. सगळा भार खालची चौकट झेलायची, वरची खोली नुसती सावली द्यायची. टक्कर झाली, की खोलीचा चुराडा व्हायचा. १९५५ मध्ये चेन्नईच्या पेरंबूरला इंटिग्रल कोच फॅक्टरी सुरू झाली, तीही स्वित्झर्लंडच्या तंत्राने. तिच्या नावातल्या 'इंटिग्रल' या शब्दातच मुद्दा आहे. जमीन, दोन्ही भिंती आणि छत मिळून एकच पेटी, आणि भार त्या सगळ्या पेटीने वाटून घ्यायचा. काड्याची पेटी चारी बाजूंनी मिटलेली असते तेव्हा किती ताठ असते आणि एक बाजू फाडली की कशी लिबलिबीत होते, ते आठवून पाहा. पेटी पूर्ण असेल तर पत्रा बारीक चालतो. पेटीला मोठे भोक पाडले, तर त्या भोकाभोवती ताकद भरून द्यावी लागते. खिडकी-दरवाजाचे कोपरे गोल का आणि तिथली पट्टी जाड का, याचे कारण हेच. चिरा जायला सुरुवात कोपऱ्यातूनच होते.

त्यानंतर जर्मनीच्या लिंके-हॉफमन-बुश कंपनीच्या आराखड्याचे, म्हणजे एलएचबी डबे आले आणि पंजाबमधल्या कपूरथळ्याला बनू लागले. जुना डबा २१.३४ मीटर लांबीचा, हा २३.५४ मीटरचा. लांबी वाढली, तरी दर मीटरमागे वजन उतरले, कारण स्टेनलेस स्टील आणि अधिक नेमका आकार. शिवाय टक्कर झाली तर एक डबा दुसऱ्यावर चढू नये, अशी त्यांची जोडणी. २०१८ पासून रेल्वेने जुन्या पद्धतीचे डबे बनवणेच थांबवले. मराठवाड्यात लातूरलाही आता रेल्वेच्या डब्यांचा कारखाना आहे. पुणे मेट्रोचे डबे तर ॲल्युमिनियमच्या बॉडीचे. मालगाडीतही हे आले. १६ ऑक्टोबर २०२२ ला भुवनेश्वरहून ॲल्युमिनियमच्या वाघिणींची देशातली पहिली मालगाडी निघाली. नेहमीच्या लोखंडी गाडीपेक्षा ती १८० टनांनी हलकी होती. वणीच्या कोळसा पट्ट्यात राहणाऱ्याला १८० टनांचा अर्थ वेगळा सांगायला नको. गाडीचे वजन जेवढे कमी, तेवढा कोळसा जास्त, आणि रिकामी परत येताना इंधन कमी.

हे सगळे डबे हलके झाले आणि आधीच्यापेक्षा सुरक्षितही झाले. हलके म्हणजे कच्चे नव्हे, याचा याहून मोठा पुरावा काय हवा?

मग वाटेल, सगळ्याच बस ॲल्युमिनियमच्या केल्या की झाले. इथे आपल्या एसटीचा अनुभव पाहावा. एसटीच्या सुरुवातीच्या गाड्या लाकडी बॉडीच्या, काथ्याच्या सीटच्या होत्या. मग लोखंडी बॉडी आली. समुद्रकाठच्या दमट हवेत लोखंड गंजू लागले, म्हणून ॲल्युमिनियम आले. दापोडी, औरंगाबादजवळचे चिकलठाणा आणि नागपूरचे हिंगणा या एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळांत वर्षानुवर्षे तशाच बॉड्या बांधल्या गेल्या. आणि गेल्या दशकात एसटीने पुन्हा माइल्ड स्टीलची वाट धरली. कारण दिले प्रवाशांच्या सुरक्षिततेचे: अपघातात ॲल्युमिनियमची बॉडी टिकत नव्हती. लाकूड, लोखंड, ॲल्युमिनियम आणि परत लोखंड. सत्तर वर्षांत चाक एक फेरा फिरून आले.

यातून ॲल्युमिनियम वाईट, असा अर्थ काढू नये. मेट्रोचा डबा त्याच धातूचा आहे. अर्थ एवढाच, की नुसता धातू बदलून काम होत नाही. आकडे पाहा. लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट, म्हणजे वजन साधारण एक तृतीयांश. पण ॲल्युमिनियमचा ताठपणाही लोखंडाच्या एक तृतीयांशच असतो. लोखंडाची पट्टी काढून त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी बसवली, तर वजन तिसरा हिस्सा झाले आणि गाडीचा ताठपणाही तिसरा हिस्सा झाला. फायदा घ्यायचा असेल, तर आकारच बदलावा लागतो. वाकण्याचा तेवढाच ताठपणा हवा असेल, तर ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे दीडपट जाड घ्यायचा. तरीही वजन जवळपास निम्मे होते. हा निम्म्याचा फायदा खरा आहे, पण तो धातूत नसतो, हिशेबात असतो.

दुसरी गोष्ट जोडाची. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्यावरची ऑक्साइडची साय वितळायला दोन हजार अंशांच्या वर तापमान लागते. म्हणून साध्या वेल्डिंगने त्याचा जोड बसत नाही. आर्गॉन वायू, वेगळे मशीन, वेगळा हात लागतो. शिवाय ताकद वाढवण्यासाठी ज्या मिश्रधातूला उष्णतेची प्रक्रिया दिलेली असते, त्याच्या जोडाभोवतीची पट्टी पुन्हा तापली की नरम पडते. हाच धोका नव्या उच्च ताकदीच्या पोलादालाही आहे. जुनी चेसिस साध्या लोखंडाची होती, तिला गॅसने तापवून सरळ केले तरी चालून जायचे. आजच्या पोलादाला तसेच तापवले, तर ज्या ताकदीसाठी कंपनीने तो धातू बारीक वापरला, तीच ताकद तिथे उडून जाते. वरून रंग मारला, की काही दिसत नाही. चिरा सहा महिन्यांनी जातात, आणि त्या मिस्त्रीच्या दारात जात नाहीत, पैनगंगेच्या पुलावर किंवा घाटात जातात.

गॅरेज लाइनमधल्या भावांसाठी दोन-तीन गोष्टी सांगतो. ट्रकच्या उभ्या चॅनेलच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला भोक पाडू नये, तिथे वेल्डिंगही करू नये. वाकण्याचा सगळा ताण तिथेच असतो. लागलेच तर उभ्या भिंतीत, कंपनीने सांगितलेल्या जागी. दुसरे, फुटलेल्या जागी जाड पट्टी ठोकून दिली, की काम पक्के झाले असे वाटते. पण पट्टी जिथे एकदम संपते, तिथेच नवी चीर जाते, कारण ताठ भागाशेजारी नरम भाग आला. म्हणून पट्टीचे टोक सरळ कापू नये, तिरपे करत न्यावे, भार हळूहळू सरकू द्यावा. तिसरे, छतावर वजन वाढवू नका. वर भारी कॅरिअर आणि त्यावर सामान म्हणजे गाडीचा तोल वर सरकला. वळणावर गाडी उलटायला मग फार काही लागत नाही. यातल्या काही गोष्टी जुन्या मिस्त्रींना अनुभवाने माहीत असतात. त्या का होतात, हे कुणी त्यांना सांगितलेले नसते. कारण कळले, की माणूस नव्या धातूपुढेही अडत नाही.

आता जिवाची गोष्ट. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे आपल्या यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस नाशिकमध्ये ट्रकला धडकली, पेटली आणि १२ जण गेले. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि २५ जण गेले. अपघातांची कारणे अनेक असतात, चालकापासून रस्त्यापर्यंत. त्यांचा निवाडा मी करत नाही. पण धडक बसली किंवा गाडी उलटली, त्यानंतरच्या दोन मिनिटांत माणसे बाहेर पडू शकतात की नाही, हा प्रश्न चालकाचा उरत नाही. तो बॉडीचा असतो.

आपल्या देशात बसच्या बॉडीसाठी नियम आहेत. त्यातल्या एका चाचणीत बस एका कलत्या फलाटावर उभी करून हळूहळू कलवतात आणि ८०० मिलिमीटर खोल खड्ड्यात आडवी पाडतात. पडल्यावर छताचे आणि बाजूचे खांब वाकले तरी चालतात, पण प्रवाशाच्या डोक्या-खांद्याभोवती ठरवून दिलेली जी जागा असते, तिच्यात काहीही घुसता कामा नये. म्हणजे वाकायचे किती आणि थांबायचे कुठे, हे बांधतानाच ठरलेले असले पाहिजे. खिडक्यांमधले खांब, छताच्या कमानी आणि जमिनीची चौकट यांचा एकमेकांना धरून अखंड कडा झाला, तर हे साधते. खांब एका रेषेत आणि कमान दुसऱ्या रेषेत लागली, तर प्रत्येक भाग मजबूत असूनही बॉडी कोसळते. यात लोखंड जास्त लागत नाही. लोखंड जागेवर लागते. त्याच नियमांत संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटा आणि आत वापरायच्या सामानाची आग न पकडण्याची क्षमता हेही येते. स्वस्त प्लाय, फोम आणि रेक्झिन वजनाला हलके असतात खरे, पण पेटले तर तेच हलके सामान सगळ्यात महाग पडते. आणि संकटकाळच्या दरवाजासमोर एक जास्तीचा बर्थ बसवला, की मालकाला महिन्याचे चार पैसे मिळतात आणि आपल्याला कायमचे कुलूप.

ट्रकचे गणित याहून कडू आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू गाड्यांची वजनमर्यादा वाढवली. तीन आसांच्या ट्रकचे मालासह एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झाले. आता समजा, बॉडी नीट विचार करून बांधली आणि अर्धा टन वाचला, तर नियम न मोडता दर फेरीला अर्धा टन माल जास्त. महिन्याला वीस फेऱ्या धरल्या, तरी दहा टन. ही हलाल कमाई आहे आणि ती डिझाइनची कमाई आहे. पण आपल्याकडे उलटे होते. बॉडी जाड पत्र्याची करायची, फाळका उंच करायचा, मर्यादेपेक्षा जास्त भरायचे आणि वाटेत काय द्यायचे ते देऊन सुटायचे. अमेरिकेत १९५८ ते १९६० दरम्यान एका मोठ्या प्रयोगात रस्त्यांवरून सतत ट्रक फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की रस्त्याचे नुकसान आसावरच्या ओझ्याच्या चौथ्या घाताने वाढते. ओझे वीस टक्क्यांनी वाढले, तर नुकसान दुपटीहून जास्त. वणीकडच्या रस्त्यांवर मोटरसायकलने जाणाऱ्यांना हा नियम पाठ करायची गरज नाही, त्यांच्या कमरेला तो माहीत आहे.

उर्दूच्या तासाला मी मुलांना एक गोष्ट दाखवतो. वजन, मीजान आणि तवाजुन हे तीनही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. वजन म्हणजे भार, मीजान म्हणजे तराजू, तवाजुन म्हणजे तोल. भाषेने या तिघांना एका घरात ठेवले आहे. भाराला तराजू लावला, तरच तोल राहतो. आपल्या मिस्त्रीकडे भार आहे, त्याच्या हाताला तोलाची जाणही आहे. त्याच्यापासून दूर ठेवला गेला आहे तो तराजू, म्हणजे हिशेब.

याला जबाबदार कोण? थोडे सरकार, थोडी शाळा आणि बरेचसे आपण. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिले, की मुस्लिम समाज मोठ्या प्रमाणावर स्वयंरोजगारात आणि असंघटित कामात आहे. याचा अर्थ हुनर आहे, पण कागद नाही. बॉडीचे नियम दिवसेंदिवस कडक होत जाणार, आणि व्हायलाच हवेत. लोकांच्या जिवावर कुणाचाही धंदा चालू नये, आपल्या भावाचाही नाही. पण नियम कडक होताना ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही तो बाहेर फेकला जातो. त्याची जागा शेकडो किलोमीटर दूरचा कारखाना घेतो आणि चाळीस वर्षांचा मिस्त्री पंक्चर काढत बसतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पारंपरिक कारागिरांसाठी पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तिच्या अठरा व्यवसायांत लोहार आहे, सुतार आहे, कुलूपवाला आहे. बसची बॉडी बांधणारा वेल्डर त्या यादीत नाही. आजच्या काळाचा लोहार हाच नव्हे काय? ही मागणी कुणीतरी मांडायला हवी.

तोवर जे आहे ते तरी वापरू. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि आठवी पास मुलाला त्यात प्रवेश मिळतो. ज्यांनी काम उस्तादाकडे शिकले, त्यांच्या अंगच्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोयही कौशल्य विकास योजनेत आहे. मुलगा आठवीनंतर गॅरेजला जाणारच असेल, तर आई-वडिलांना माझे एवढेच सांगणे आहे: एक वर्ष आयटीआयमार्गे जाऊ द्या. त्या एका वर्षाचे घरात येणारे पैसे बुडतील, हे मला ठाऊक आहे. पण पुढच्या तीस वर्षांचा फरक त्या एका वर्षात आहे. आणि जो मुलगा गणितात बरा आहे, त्याला गॅरेजऐवजी डिप्लोमाला पाठवा. मुलगी बरी असेल तर मुलीला पाठवा. वेल्डिंगचे हॉल्डर भाऊ धरेल आणि बॉडीचा आराखडा बहीण काढेल, असे घर पाहायला मला आवडेल.

शाळेनेही आपले काम करावे. आठवीच्या विज्ञानात बल आणि दाब आहे. उर्दू माध्यमाची मुले त्याला कुव्वत आणि दबाव म्हणून पाठ करतात, घनतेला कसाफत म्हणतात आणि परीक्षेत लिहून विसरून जातात. त्याच मुलाने संध्याकाळी अब्बांच्या गॅरेजमध्ये चॅनेल उभा धरलेला असतो. वर्गातली कुव्वत आणि गॅरेजमधला चॅनेल एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. पट्टीचा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही, दोन पुस्तके लागतात. बॉडीचे सरकारी नियम इंग्रजीत आहेत. त्यांतले मिस्त्रीला लागणारे वीस-पंचवीस मुद्दे सोप्या मराठीत आणि उर्दूत, चित्रांसह छापून गॅरेज लाइनमध्ये वाटणे हे भाषेच्या शिक्षकांचेच काम आहे. यवतमाळ आणि पुसदला इंजिनिअरिंग कॉलेजे आहेत. तिथल्या मुलांना दरवर्षी प्रोजेक्ट करावे लागते. त्यांनी एक प्रोजेक्ट गॅरेज लाइनमध्ये करावे: एक बॉडी वजन करून घ्यावी, तिचा हिशेब मांडावा आणि मिस्त्रीबरोबर बसून ती पन्नास किलोने हलकी व अधिक पक्की कशी होईल ते पाहावे. या मुलांना हात मिळेल, मिस्त्रीला हिशेब मिळेल. दोघांपैकी कुणीही लहान होणार नाही.

आणि आपण प्रवासी. तिकीट काढताना एसी आहे का, चार्जिंग पॉइंट आहे का, एवढे विचारतो. पुढच्या वेळी गाडीत चढल्यावर संकटकाळचा दरवाजा कुठे आहे ते पाहा. तो उघडतो का आणि त्याच्यासमोर काही ठेवले आहे का, तेही पाहा. अडवलेला असेल तर मोठ्या आवाजात सांगा. चार प्रवाशांनी सांगितले, तर मालक ऐकतो. मालक ऐकला, की तो मिस्त्रीला तसे सांगतो. आणि मिस्त्रीला हिशेब येत असेल, तर पुढच्या वेळी मालकाने न सांगताही ती वाट मोकळी राहील.